काळ्या पडद्यावरची समई : वाचकांचे प्रश्न

चवथ जवळ आली की समया, तबके, निरांजने माळ्यावरून खाली येतात आणि त्यांचे फोटो सुरू होतात. मग मला येणारे प्रश्नही ठरलेले. यंदा सगळ्यांना एकदमच उत्तरे देतो.

काळ्या मखमलीवर पितळी समई ठेवली, तर तिचा अर्धा भाग काळ्यातच विरघळला. लाइट वाढवूनही तेच. असे का? (म्हापसा)

चकचकीत पितळ म्हणजे आरसा. तुमच्या समईसमोर काळे कापड, काळोखी खोली आणि गडद शर्ट घातलेले तुम्ही. तिने तेच दाखवले. दिवा समईवर रोखू नका. दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, पांढरे पुठ्ठे उभे करा आणि उजेड त्या पुठ्ठ्यांवर पाडा. पुठ्ठ्याचे प्रतिबिंब जिथे पडेल तिथे उजळ कड उमटते. पुठ्ठा बोटभर सरकवा, कडही सरकेल. खिडकीला बटर पेपर लावूनही काम भागते. मखमल समईच्या मागे तीन-चार फुटांवर न्या, म्हणजे तिच्यावर उजेड सांडणार नाही.

दुकानदार म्हणतो, पोलरायझर फिल्टर घ्या, चकाकी जाते. घेऊ? (मडगाव)

नको. उघड्या धातूवरून परतणारा उजेड फारसा ध्रुवित (म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा) झालेला नसतो, त्यामुळे लेन्सवर फिल्टर कितीही फिरवा, फरक नगण्य. काच, पाणी, वार्निश यांवर तो चालतो. दुकानात जादू दाखवतात तीही बहुधा काचेवरच! दिव्यांसमोरही ध्रुवक (पोलरायझर) फिल्म लावली तर धातूवर उपयोग होतो, पण त्या खर्चात पडण्याआधी वस्तूंचे फोटो काढणाऱ्या जाणकाराला विचारा.

मोबाइलवर पितळ पांढरेफटक येते. (फोंडा)

काळी जागा जास्त दिसली की कॅमेरा सगळेच उजळवतो. समईवर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा. मोठ्या कॅमेऱ्यात एक ते दोन स्टॉप उणे करा (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा).

आजीच्या वेळची तांब्याची भाण, पितळी डबे आणि चांदीचा मुलामा दिलेले तबक विकायचे आहे. फोटोआधी आमसुलांनी घासू की लिंबू-मिठाने? एका व्हिडिओत टूथपेस्ट सांगितली आहे. (डिचोली)

कशानेच नाही. पितळी कामाचे नाव असलेल्या डिचोलीतूनच हा प्रश्न यावा! रोजची समई घासा, तो तुमच्या घरचा रिवाज. जुन्या वस्तूची गोष्ट वेगळी. आंबट पदार्थ पितळेतले जस्त ओढून घेतो आणि मागे तांबूस डाग उरतात. मिठातले क्लोराइड फटींत राहिले की आपल्या दमट, खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवी भुकटी धरते. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. मुलामा पातळ असतो, तो दर घासणीला झिजतो आणि खालचा धातू डोकावू लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर तर प्रत्येक ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा चमकतो आणि नक्षीत अडकलेली पूड वेगळी दिसते. शिवाय नक्षीच्या खाचांतला काळेपणाच तिला उठाव देतो. तो घालवलात तर फोटोत सपाट पत्रा उरेल. जुन्या वस्तूंच्या बाजारात घासलेल्या वस्तूची किंमत अनेकदा उतरते, आणि ‘पॉलिश करून देतो’ म्हणणारा पुढे तीच स्वस्तात मागतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, सुती हातमोजे घाला, आहे तशी टिपा. हिरवी भुकटी आधीच असेल तर हात लावू नका. संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा. मी फोटो काढतो, धातू तपासत नाही.

चकाकी कमी करायला हेअरस्प्रे? (सांखळी)

नव्या, स्वस्त भांड्यावर हवा तर मारा. जुन्या किंवा पूजेच्या वस्तूवर मुळीच नाही.

देवळातल्या चांदीच्या वस्तूंचे नोंदीसाठी फोटो हवेत. समिती म्हणते, पावसाळा सरल्यावर बघू. (काणकोण)

काम छपराखाली, दिव्यांच्या उजेडात होते; पावसाचा संबंध काय? चोरी झाली तर पोलीस आधी वर्णन आणि फोटोच मागतात. समितीची लेखी परवानगी घ्या, वस्तू पुजाऱ्यांनाच हाताळू द्या. पुढून, मागून, तळाकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून टिपा. कोरलेली अक्षरे, ठसे, जुने पोचे जवळून घ्या. वजन लिहून ठेवा. नोंद कशी ठेवायची ते पुरातत्त्व खात्यात विचारा, आणि ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.