वाचकांचे प्रश्न : ‘साक्ष लिही, गोष्टी कशाला रचतेस?’

बाई, सप्रेम सलाम.

मी घोरपडीत राहते. वय ४७, एका पतपेढीत कारकून आहे. मुलगी इंग्रजीतल्या ख्रिस्ती कादंबऱ्या आणते. त्या मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचते आणि रात्रीचा एक वाजला तरी खाली ठेववत नाहीत. तीन वर्षांपासून मीही एक लिहिते आहे, मराठीत. दोनशेपानी दोन वह्या भरल्या. महिला मंडळात बोलले तर एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “देवाने तुझ्यासाठी खरंच काय केलं त्याची साक्ष लिही. मनाने रचलेलं कशाला?” ऑफिसातली मैत्रीण म्हणते, “धर्मप्रचार वाटेल, छापणार कोण?” माझं शिक्षण बारावी, ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतात. वह्या कपाटात टाकू का?

– एक वाचक, घोरपडी

ताई, टाकू नका.

मावशींचं आधी घेते, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतं. बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राचं गाव कोणतं? बापाचं नाव काय? प्रभू येशूने सांगितलंच नाही, कारण ती त्याने रचलेली गोष्ट होती. आणि ती थांबते कुठे बघा. बापाचा पैसा उधळून धाकटा घरी आलाय, पुष्ट वासरू कापलंय, आत गाणंबजावणं चालू आहे. थोरला रागावून बाहेर उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालतोय. थोरला आत गेला का? शास्त्र सांगत नाही. लहानपणी आमच्या घरच्या उपासनेत बाबा हा अध्याय वाचायचे तेव्हा मी दर वेळी विचारायची, “मग?” बाबा पुस्तक मिटून म्हणायचे, “तू असतीस तर?” साक्ष जरूर द्यावी, मीही दिली आहे. पण हा प्रश्न मला गोष्टीनेच विचारला, आणि अजून तो माझ्याबरोबर आहे. मावशींना हे प्रेमाने सांगा.

मैत्रिणीचं निम्मं खरं आहे. छापणार कोण, ही भीती मात्र अगदी फोल. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक तिचंच नाव घेतात, आणि तिची नायिका शेवटी बाप्तिस्मा घेऊन पुनर्विवाह करते. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मराठीच्या घरात आपण पाहुणे नाही.

पण धर्मप्रचार वाटेल हे तिचं म्हणणं कानाआड करू नका. ‘यमुनापर्यटन’ वाचताना प्रवासात भेटणाऱ्या विधवांचे हाल आले की माझा जीव गलबलला. वादविवादाची, उपदेशाची पानं आली की लक्ष उडालं. एकाच पुस्तकात, एकाच लेखकाच्या हातून.

सव्वीस वर्षांची असताना मी एका मासिकाला कथा पाठवली होती. दारुडा नवरा रविवारी पाळकांचा उपदेश ऐकतो आणि सोमवारी बाटली फोडतो. कथा परत आली. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं : “रविवार आणि सोमवार यांच्या मधल्या रात्री काय झालं?” मी दोन दिवस रडले. मग ती रात्र लिहायला बसले. त्याचा हात थरथरतोय, तांब्यातलं पाणी अंगावर सांडतंय. बायको जागी आहे आणि तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही, कारण असं वचन तिने याआधीही ऐकलंय. अकरा पानं झाली. त्या अकरा पानांत देवाचं नाव एकदाच आलं, तेही बायकोच्या तोंडी, संतापाने. पुढे तीच कथा दुसरीकडे छापून आली. तुमच्या वह्यांत अशी गाळलेली रात्र कुठे आहे ते शोधा. माणूस दोन ओळींत बदललेला दिसला की ती जागा तिथेच आहे, असं समजा.

आणखी एक. इंग्रजी कादंबऱ्या मनापासून वाचा, पण त्यातला बर्फ आणि शेतावरची लाकडी घरं तुमच्या वहीत आली असतील तर काढून टाका. तुमच्याकडे चोवीस डिसेंबरची रात्र आहे. करंज्यांचं सारण कमी पडलंय, गॅलरीतल्या ताऱ्याचा दिवा लागत नाही, घोरपडीचं रेल्वे फाटक पडल्यामुळे नवरा पलीकडे अडकलाय आणि शेजारच्या काकू ‘तुमचा नाताळ आणि आमचा मोदक’ म्हणत डबा घेऊन दारात उभ्या आहेत. पाळक, मंडळी, ‘उपासना संगीत’ हे चर्चमधले शब्द समजावत बसू नका. ज्याला माहीत नाहीत त्यालाही ते गोष्टीत कळतात.

ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल, तर लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. घरात बोलावं तसं त्यांनी लिहिलं, म्हणून ते आजही वाचलं जातं. शुद्धलेखन तपासून देणारे पुण्यात पुष्कळ आहेत. तुमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं मात्र तुम्हालाच लिहावं लागेल.

छापण्याची घाई नको. एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल, तर पावसाळा सुरू होताच दिवाळी अंकांकडे पाठवा. झेरॉक्स जवळ ठेवा. कोणी पुस्तकासाठी पैसे मागितले तर प्रती किती आणि हक्क कोणाचा, हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

त्याआधी येत्या रविवारी दुपारी मुलीला एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा. तिने मोबाइल जिथे हातात घेतला, तिथे समासात पेन्सिलीने खूण करा.