मुलीच्या गेमसाठी म्हातारपणाची ठेव मोडू का?

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. खासगी कंपनीतून निवृत्त झालो. सीनियर सिटिझन योजनेत २० लाख आहेत (खातं जुलै २०२३ चं), शिवाय मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली ८ लाखांची एफडी. पीएफची पेन्शन ३,१०० आणि वरच्या मजल्याचं भाडं ९,००० येतं. मुलगी २८ वर्षांची. इथेच फाइन आर्ट्सला शिकली, आता मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीचं काम घरून करते. हातात ५८,००० येतात. तिला नोकरी सोडून दीड वर्षात स्वतःचा कॉम्प्युटर गेम करायचाय. तिने १२ लाखांचं बजेट काढलंय, तिच्याकडे ५ लाख साठलेत. ती माझ्याकडे मागत नाही, मीच द्यायचं म्हणतोय. योजनेतले १२ लाख काढून देऊ का? बायको म्हणते, सरकारने गेमवर बंदी आणलीय, त्यात पैसे कसले घालताय.

उत्तर: काका, नमस्कार.

आधी काकूंची शंका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. रमी, फँटसी क्रिकेट असले प्रकार त्यात येतात. तुमची मुलगी करतेय तो गोष्टीचा गेम. एकदा विकत घ्यायचा आणि घरी बसून खेळायचा. त्याचा त्या बंदीशी संबंध नाही.

तुम्ही पत्राबरोबर डेमो पाठवलात ते बरं केलंत. गेम म्हणजे माझी मजल पत्त्यांच्या सॉलिटेअरपुढे नाही, तरी रात्री जेवण झाल्यावर उघडला. आजी गेलेली आहे, वाडा रिकामा करायचाय, एकेक वस्तू उचलून ती कुणाला द्यायची ते ठरवायचं. फडताळात अडकित्ता सापडला, तो मी भंगारच्या पिशवीत टाकला. पुढच्या खोलीत गादीखाली आत्याचं पोस्टकार्ड निघालं, ‘अडकित्ता तेवढा माझ्यासाठी ठेव.’ पिशवी तोवर गेलेली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पाऊण तास गेला. पोरीच्या हातात कला आहे, याबद्दल मला आता शंका नाही. पुढचं सगळं पैशांबद्दल आहे.

योजनेतले पैसे काढू नका. त्या खात्यातून थोडे काढता येत नाहीत, खातं अख्खं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेलीत, म्हणून मुद्दलातून १ टक्का, म्हणजे २०,००० रुपये कापले जातील. ते एकदाच जातात, सोसता येतील. खरा फटका दर महिन्याचा आहे. आज ८.२ टक्क्यांनी तुम्हाला तिमाहीला ४१,००० मिळतात. पेन्शन आणि भाडं धरलं की महिन्याचे साधारण २५,७५० होतात. उरलेले ८ लाख नव्या खात्यात त्याच दराने ठेवले तरी महिन्याला ८,२०० कमी, म्हणजे दोघांचं घर साडेसतरा हजारांत चालवायचं. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: सध्या किराणा आणि विजेचं बिल कोण भरतं? मुलगी भरत असेल तर तिचा पगार थांबला की तेही तुमच्याकडे येणार.

आता बजेट. तिने १२ लाख असे मांडलेत: स्वतःचा खर्च महिना २५,००० प्रमाणे साडेचार लाख, कोडिंग करणाऱ्या मित्राला साडेतीन, संगीत आणि आवाजांना सव्वा, नवा लॅपटॉप सव्वा, भाषांतर आणि ट्रेलर एक, किरकोळ अर्धा. बेरीज बरोबर आहे, हिशोब मात्र निराळा लागतो. खाणंपिणं नोकरीत असतानाही होतंच, ते गेमच्या नावावर टाकायचं कारण नाही. उलट जो पगार बुडणार तो कुठे लिहिलेलाच नाही! अठरा महिन्यांचा पगार १० लाख ४४ हजार, त्यात गेमवरचे साडेसात लाख मिळवा. गेमची खरी किंमत जवळपास १८ लाख झाली.

ते वसूल व्हायला किती प्रती खपाव्या लागतील? समजा किंमत १० डॉलर ठेवली. सेलमधली सवलत, भारतासारख्या देशांतली कमी किंमत, परत घेतलेल्या प्रती आणि युरोपातला कर वजा जाता सरासरी ६ डॉलर हाती लागले असं धरू, आणि हे मी सढळ हाताने धरतोय. त्यातले ३० टक्के स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान ठेवून घेतं, राहिले ४.२०. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. तिने फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर १५ टक्के, नाहीतर ३०. बँकही डॉलरचे रुपये करताना आपला घास काढते. चारच्या थोडं खाली येतो आपण. डॉलर ८५ रुपये धरला तर प्रतीमागे ३३० रुपये. १८ लाखांसाठी साडेपाच हजार प्रती.

साडेपाच हजार अशक्य नाहीत, पण सोपेही नाहीत. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे रोजचे पन्नास. शुक्रवारी लागलेल्या नाटकाला निदान गावात पाटी लागते, इथे तेवढंही नाही. स्टीमचं नोंदणी शुल्क गेममागे १०० डॉलर, आणि गेमची कमाई हजार डॉलरपर्यंत गेली की तेही परत मिळतं. दार उघडं आहे म्हणूनच गर्दी आहे.

मुलीने तुम्हाला ‘स्टारड्यू व्हॅली’ची गोष्ट सांगितलीय, असं लिहिलंत. गोष्ट खरी आहे. एरिक बॅरोनने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने तो गेम केला, २०१६ मध्ये आणला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. पण त्या वर्षांत घर चाललं ते जोडीदाराच्या कमाईवर, आणि तो स्वतः एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. आईवडिलांची ठेव त्यात कुठे नव्हती. आपल्याकडचंच पाहायचं तर पुण्याचा ‘राजी’ घ्या. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला आणि गेम आला २०२० मध्ये. दीड वर्षाची तीन वर्षं होणं या धंद्यात नेहमीचंच.

मग करायचं काय? मी तिला नोकरी आणखी सहा महिने टिकवायला सांगेन. पण त्याआधी, आजच, नेमणूकपत्र काढायला लावा. बऱ्याच कंपन्यांच्या करारात असतं की नोकरीत असताना केलेलं त्याच प्रकारचं काम कंपनीचं. ती गेम कंपनीत आणि तिचा उद्योगही गेमचाच. कलम तसं असेल तर कंपनीकडून लेखी परवानगी हवी. तोंडी ‘काही हरकत नाही’ चालणार नाही. परवानगी मिळेना, तर माझा पुढचा सगळा सल्ला बदलेल आणि तुम्ही मला पुन्हा लिहा.

सहा महिन्यांत डेमो नीट करायचा आणि स्टीमवर ‘लवकरच येत आहे’ असं पान उघडायचं. मग नेक्स्ट फेस्ट. वर्षातून तीनदा स्टीम डेमोंची ही जत्रा भरवतं, पण एका गेमला ती एकदाच मिळते, म्हणून अर्धाकच्चा डेमो घेऊन जायचं नाही. किती लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकतात तो आकडा बघायचा. धंद्यातली मंडळी सात हजारांचा आकडा धरून चालतात. मी तुमच्यासाठी पाच हजारांवर रेघ मारतो. फेस्ट संपल्यावर आकडा त्याखाली असेल तर नोकरी सोडायची नाही. गेम संध्याकाळी आणि रविवारी चालू द्या.

रेघ ओलांडली तर एक वर्षासाठी सोडू दे. नवं बजेट असं: घरीच राहणार, म्हणून तिचा खर्च महिना १५,००० प्रमाणे १ लाख ८० हजार. मित्राला रोख दीड लाख आणि विक्रीत १५ टक्के. हे लेखी, दोघांच्या सह्यांनी, कोड कुणाचा आणि तो मध्येच सोडून गेला तर काय, हेही त्यात. संगीत सव्वा लाख, भाषांतर आणि ट्रेलर अर्धा, किरकोळ अर्धा. लॅपटॉप नको. माझ्या जुन्या मशीनवर डेमो चालला, तिच्यावर बनत असेलच. एकूण साडेपाच लाखांच्या आसपास. बुडालेला पगार आणि मित्राचा वाटा धरूनही चार हजार प्रतींच्या आत हिशोब बसतो.

गेमची लांबी तेवढी तिने पुन्हा तपासावी. स्टीमवर १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. वाडा दीड तासात रिकामा होत असेल तर लोक पूर्ण खेळून पैसे परत मागू शकतात.

या साडेपाचमध्ये तिचे साडेतीन लाख, तुमचे दोन. तिचे दीड लाख बँकेत पडून राहू द्या, त्यांना हात लावायचा नाही. तुमचे दोन एफडीतून द्या, दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता गेम अर्ध्यावर आल्याचं स्वतः खेळून बघितल्यावर. मुलीला अट घालणं बरं दिसत नाही असं वाटेल. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली तीसुद्धा करार लिहून घेऊन, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी अशी.

ही रक्कम बँकेतूनच द्या. वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर मुलीला कर नाही. भेट म्हणून द्या, उसने म्हणून नको, नाहीतर जेवणाच्या ताटावर रोज विक्रीचे आकडे विचारले जातील. पुण्याला तुमचा मुलगा आहे ना? त्याच्या कानावर घाला. दोन लाखांची रक्कम मोठी नाही, पण नंतर कळलं की मोठी होते.

एफडी लग्नासाठी आहे, हे मी विसरलेलो नाही. पण लग्न तिचं आहे, आणि तुमच्या चार पानांच्या पत्रात तिला काय वाटतं ते कुठेच नाही. विचारा. हॉल आणि बँडऐवजी गेम हवा म्हणाली तर तो तिचा कौल.

विमा हा विषय मात्र घाईचा आहे. काकूंना मधुमेह आहे आणि तुम्ही दोघं मुलीच्या कंपनीच्या पॉलिसीत आहात. ती सोडेल तेव्हा कव्हरही जाईल. नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, याची चौकशी करा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका.

कराचं बाकी सगळं सीएकडे सोपवा. तिची उलाढाल २० लाखांपर्यंत जाईतो जीएसटी नोंदणीची चिंता नाही, अमेरिकेत कापलेल्या कराचं श्रेय इथे मागता येतं, आणि पीएफ सध्या आहे तिथेच राहू द्या. पाच वर्षांची सलग नोकरी झालेली नसेल तर काढताना करही लागेल.

आणि तिला माझा एक निरोप द्या. ते पोस्टकार्ड अडकित्त्याच्या आधी सापडायची काही वाट आहे का? मी दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा आत्या नाराज झाली.