‘चौघ’ की ‘चफ’?

हिमालयावरील एका अनुवादित प्रवासवर्णनात ‘चौघ नावाचे काळे पक्षी’ असा उल्लेख वाचून हा कोणता पक्षी आणि त्याला मराठीत काय म्हणावे, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. ‘चौघ’ हे अनुवादकाने ‘chough’ ही इंग्रजी अक्षरे पाहून केलेले लिप्यंतर आहे. त्या शब्दाचा शेवट ‘रफ’, ‘टफ’ यांच्यासारखा होतो, म्हणून उच्चार ‘चफ’. आणि त्यातला ‘च’ ‘चहा’तला, ‘चमचा’तला नव्हे. मराठी वाचकाला ‘चौघ’वरून चौघेजणच आठवणार, हा वेगळाच घोटाळा.

पक्षी कावळ्याच्या कुळातला आणि काळाभोर आहे. त्याच्या दोन जाती असून पाय दोघांचेही तांबडे असतात, त्यामुळे ओळख पटते ती चोचीवरून: एकाची लांब, बाकदार आणि लाल, तर दुसऱ्याची आखूड आणि पिवळी. लाल चोचीच्या जातीला सजीवांचे वर्गीकरण करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने 1758 साली चक्क हुदहुदाच्या प्रजातीत घातले होते. आजच्या ‘पायरोकोरॅक्स’ या प्रजातिनामात ज्वालेचा रंग आणि डोमकावळा असे दोन ग्रीक शब्द आहेत. पिवळ्या चोचीचा चफ एव्हरेस्टवर सुमारे 8,200 मीटर उंचीवर गिर्यारोहकांना दिसलेला आहे.

महाराष्ट्रात हा पक्षी आढळत नाही, तेव्हा त्याला रुळलेले मराठी नाव नसणे स्वाभाविक आहे. ‘डोंगरकावळा’ हा शब्द चटकन सुचतो, परंतु तो कानाला ‘डोमकावळा’च्या फार जवळ जातो, आणि लाल चोचीची जात ब्रिटनमध्ये समुद्रकाठच्या कड्यांवरही घरटी करते. नावात ‘कावळा’ असावा की नाही, हा आग्रह मात्र मी धरणार नाही; आपला पाणकावळा कावळ्याच्या कुळातला नाही आणि तरीही त्या नावाने कोणाचे अडत नाही. गंमत म्हणजे पाणकावळ्याच्या ‘कॉर्मोरंट’ या इंग्रजी नावाच्या मुळाशीही ‘समुद्रातला डोमकावळा’ असाच लॅटिन अर्थ आहे.

माझ्या मते मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखात ‘लाल चोचीचा चफ, कावळ्याच्या कुळातला एक पहाडी पक्षी’ असे लिहावे. पुढे तो ‘कावळा’प्रमाणे पुल्लिंगी आणि ‘साप’प्रमाणे अकारान्त चालवावा: चफाची चोच, चफांचा थवा, चफाने कड्याच्या कपारीत घरटे केले.