साठ हजारांत गेमिंग पीसी : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

प्रश्न : मुलगा यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला. त्याला गेमिंग कॉम्प्युटर हवाय, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, कॉलेजच्या सॉफ्टवेअरलाही लागेल म्हणतो. मॉनिटर धरून ६० हजारांपर्यंत आम्हाला जमेल. इथल्या एका दुकानदाराने कोटेशन दिलंय : आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, सगळं मिळून ३८ हजार. आय७ म्हणजे सगळ्यात भारी ना? तसं असेल तर २२ हजार वाचतात. घेऊन टाकू का? (एक आई, चंद्रपूर)

उत्तर : ताई, या कोटेशनवर ॲडव्हान्स देऊ नका. यात आकडे सगळे मोठे आहेत पण एकाही पार्टचं पूर्ण नाव नाही. आय७ हे नुसतं मालिकेचं नाव झालं, २०११चा आय७-२६०० पण आय७च आणि आत्ताचा पण आय७च. दुकानदाराला एवढंच विचारा की पुढचा नंबर काय. नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे जनरेशन, पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे. २६०० म्हणजे दुसरी, ३७७० म्हणजे तिसरी, १२४०० म्हणजे बारावी. या भावात 'आय७' म्हणून जे मशीन मिळतं त्यात बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा, जुन्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेला प्रोसेसर असतो, त्याखाली त्याच काळच्या एच६१ चिपसेटचा, पण नवा दिसणारा मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात ती पाटी) आणि जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम. ४ जीबी ग्राफिक्स म्हणजे बऱ्याचदा जीटी ७३०, ते कार्डच मुळात २०१४चं आहे. कार्डवर जीबी किती यावरून त्याचा वेग कळत नाही, मॉडेल नंबरवरून कळतो.

दुकानात मशीन चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडायला सांगा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की उजवीकडे वर प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं आणि खाली जीपीयूवर क्लिक केलं की कार्डाचं. मिनिटभराचं काम आहे, आणि दाखवायला दुकानदार का कू करत असेल तर सरळ दुसरं दुकान बघा.

आता हा नुसता वेगाचा प्रश्न असता तर मी एवढं म्हटलं नसतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद केला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं. त्यात तुमचा मुलगा व्हॅलोरंट खेळतो, त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू असल्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही. तेवढ्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० नसतं, म्हणजे ३८ हजार घालून घेतलेल्या मशीनवर कसंबसं विंडोज ११ टाकलं तरी तो रोज जो गेम खेळतो तोच अडणार. बाराव्या जनरेशनचा साधा आय३-१२१००एफ घेतला तरी कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी युनिट) तेवढेच चार आणि थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) तेवढेच आठ, पण २०११च्या त्या आय७ला तो सहज मागे टाकतो. भारीपणा नावात नसतो हो, सालात असतो.

मग ६० हजार वाटायचे कसे? भाव दर आठवड्याला हलतात म्हणून वाटणी सांगते. तिसरा हिस्सा, म्हणजे २० ते २२ हजार, ग्राफिक्स कार्डला. गेममध्ये जे दिसतं ते सगळ्यात जास्त याच्यावर ठरतं, म्हणून इथले पैसे काढून दुसरीकडे लावू नका. या पट्ट्यात रेडिऑन आरएक्स ६६०० मिळालं तर डोळे झाकून घ्या, ८ जीबी मेमरी, वीज खातं १३२ वॅट, आणि १०८०पीवर, म्हणजे फुल एचडी स्क्रीनवर, जीटीए ५ काय, त्यापेक्षा बरेच जड गेमही नीट चालतात. दुकानदार त्याच भावात आरटीएक्स ३०५० पुढे करेल, कारण ते नाव लोकांच्या तोंडात बसलंय, पण ६६०० त्याच्यापेक्षा वेगवान आहे. आणि ३०५० घ्यायचंच झालं तर खोक्यावर ८ जीबी आहे का ६ जीबी ते वाचा. ६ जीबीवालं हे नुसतं मेमरी कमी केलेलं कार्ड नाही, त्याच्या चिपमधले कोअरही कमी केलेत, मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरून ९६ बिटवर आणलाय, आणि तरी नाव तेच. मला हा प्रकार अजिबात पटत नाही, माहीत नसलेला माणूस यात हमखास फसतो.

प्रोसेसरला रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअर बारा थ्रेडचे, दोन्हींचा बॉक्स पॅक घेतला तर फॅन आत येतो, वेगळा कूलर लागत नाही. ट्रे प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवाय सुटा मिळणारा, थोडा स्वस्त पडतो पण त्याबरोबर फॅन नसतो आणि वॉरंटी कोण देणार ते आधी बिलावर लिहून घ्यावं लागतं. मदरबोर्ड ५६००ला बी४५० किंवा बी५५०, बी४५० असेल तर बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून द्या असं दुकानातच सांगा, नाहीतर घरी आणल्यावर स्क्रीन काळीच राहील. मुलगा म्हणेल एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचा सॉकेट) घेऊया, पुढे अपग्रेड होईल. म्हणणं त्याचं बरोबर आहे, पण एएम५ला नव्या प्रकारची डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव असे चढलेत की ६० हजारांत ते बसवायला गेलं तर कार्ड खालचं घ्यावं लागेल. मग तो सौदा मला मान्य नाही.

रॅम १६ जीबी पुरे, पण ८-८च्या दोन काड्या घ्या, १६ची एक नको. दोन असल्या की ड्युअल चॅनलवर, म्हणजे दोन्ही एकदम, चालतात आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर जोर देणाऱ्या गेममध्ये तो फरक जाणवतो. एसएसडी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगवान) घ्या, ५०० जीबीने सुरुवात करा, जागा संपली की पुढच्या वर्षी दुसरी लावता येते.

आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा! यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच वाचवतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथूनच होतं. कॅबिनेटबरोबर जो 'फ्री' येतो त्याच्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्या कुशीवरचं स्टिकर वाचा, त्यात +१२व्ही असा एक कॉलम असतो, त्याच्याखालचा अँपिअरचा आकडा गुणिले १२ केलं की खरे वॅट कळतात, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही त्या १२ व्होल्टच्या लाइनीवरच जगतात. १७ अँपिअर लिहिलं असेल तर १७ गुणिले १२, म्हणजे २०४ वॅट, बाकी नुसतं नाव. अशा एसएमपीएसला कार्डसाठी लागणारी आठ पिनची वायरही बहुतेक नसते, मग दुकानदार जुन्या मोलेक्स पिनांना कन्व्हर्टर जोडून देतो, ते गरम होऊन वितळतं. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), पाच वर्षं वॉरंटीवाला घ्या, आरएक्स ६६००साठी एएमडी ४५० वॅट सांगते, म्हणजे पुढे थोडं मोठं कार्ड टाकलं तरी हाच चालेल.

चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा कॅबिनेट निवडताना काचेच्या तोंडाकडे बघू नका, पुढून जाळी असलेलं घ्या. पुढून दोन फॅन हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, झालं. खेळताना कार्ड ७५-८० डिग्री दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही. खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको आणि जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करायची, ते काम मुलाला लावून द्या. मॉनिटरला १० हजारांच्या आतबाहेर ठेवा, २४ इंची, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा), १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा वरचा.

नागपूरला जाणं होत असेल तर सीताबर्डीत दोन-तीन दुकानांतून हीच यादी लिहून कोटेशन घ्या, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल, जीएसटीसकट भाव, आणि पक्कं बिल ज्याच्यावर सिरीयल नंबर लिहिलेले असतील. कच्च्या बिलावर थोडे पैसे कमी होतात खरे, पण कार्ड बिघडलं तर वॉरंटीसाठी हातात काही राहत नाही.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, दोन वर्षं बिना कार्डाचं खेळलो. आता पैसे साठवून आरटीएक्स ३०६० घेतलं, घरीच लावलं, ड्रायव्हर पण टाकला, पण एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) होते तेवढेच आहेत. कार्ड खराब आहे का? दुकानदार परत घेत नाही म्हणतोय. (कॉलेज विद्यार्थी, कराड)

उत्तर : अरे, दुकानदाराशी भांडण्याआधी पीसीच्या मागे जाऊन बघ, मॉनिटरची वायर कुठे लावलीयस. वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी जे एचडीएमआय आहे ते मदरबोर्डचं, आणि खाली आडव्या पट्टीवर जी तीन-चार पोर्ट आहेत ती कार्डाची. ५६००जीमध्ये प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स आहे ना, म्हणून वायर वर राहिली तरी चित्र येतं, गेम पण चालतो, आणि नवं कार्ड आपलं गप्प बसून राहतं. साध्या ५६००वर हे झालं असतं तर स्क्रीनच आली नसती आणि तुला लगेच कळलं असतं. वायर खाली लाव, रीस्टार्ट कर.

तेवढ्याने फरक पडेलच, पण हात लावलायस तर अजून दोन गोष्टी बघून घे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू आहे का ते बघ, बऱ्याच बोर्डवर तिथे डीओसीपी लिहिलेलं असतं, ते बंद असेल तर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर चालत राहते आणि रायझनला ते बरंच झोंबतं. बोर्डला चार स्लॉट असतील तर दोन काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये पाहिजेत. आणि मॉनिटर जास्त हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवड, वायर बदलली की तो कधीकधी परत ६०वर येतो.

प्रश्न : ओळखीतला एक जण आरएक्स ५८० ८ जीबी फार कमी भावात देतोय. मायनिंगचं असेल का? घ्यावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शक्यता भरपूर आहे. मायनिंग म्हणजे कार्ड सतत चालवून क्रिप्टोकरन्सी कमावणं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद केलं आणि तेव्हा हजारो कार्डं एकदम जुन्या बाजारात आली. मायनिंगचं म्हणून कार्ड लगेच टाकाऊ ठरत नाही, चिप सहसा टिकते, फॅन झिजतात आणि थर्मल पेस्ट-पॅड वाळतात. माझी खरी भीती दुसरीच आहे, आरएक्स ५८० २०४८एसपी म्हणून एक आवृत्ती आहे, मूळ ५८०मध्ये २३०४ शेडर (चित्र तयार करणारे छोटे कोअर) असतात, यात २०४८, म्हणजे खरं तर त्याखालचं आरएक्स ५७०च. विकणारा मात्र ५८०चाच भाव लावतो.

त्यामुळे त्याच्या घरी जाऊन बघा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवा, शेडर्सच्या पुढचा आकडा वाचा, मग अर्धा तास जड गेम त्याच्यासमोर खेळा. स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे आले, फॅन घरघरला, मध्येच रीस्टार्ट झालं, तर उठून या. २०४८ निघाला आणि तरी घ्यायचंय तर ५७०चा भाव द्या. आणि हेही सांगते की ५८० हे २०१७चं कार्ड आहे, एएमडीने त्याच्या ड्रायव्हरवरचं लक्ष कमी केलंय, म्हणून थोडे महिने थांबून वापरलेलं ६६०० शोधलंत तर मला जास्त बरं वाटेल.

प्रश्न : गावाकडे लाईट सारखी जाते. पीसीला कोणता यूपीएस लावू? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचं माप) जो स्वस्त यूपीएस सगळीकडे मिळतो तो साधारण ३६० वॅटचा असतो, त्यावर कार्डाशिवायचा पीसी चालेल, गेम चालू असताना लाईट गेली तर तो ओव्हरलोडने पीसीसकट बंद पडू शकतो. तुमचा प्रोसेसर आणि कार्ड मिळून २५० वॅटच्या आसपास असेल तर मॉनिटर धरून १००० व्हीए घ्या, सेव्ह करून नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यावर खेळत बसायचं नाही. यूपीएसवर मॉनिटर आणि पीसीच जोडा, प्रिंटर नको. आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे काम यूपीएसच्या आधी करायचं.