'डँडी'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा रत्नागिरीहून आली आहे. पुरुषांच्या नटण्यामुरडण्यावर मराठीत लेख लिहायचा आहे. 'डँडी'साठी छेलछबिला, छानछोकीचा, फाकडा, रंगेल असे पर्याय हाताशी आहेत. यातला कुठला घ्यावा, आणि 'डँडीइझम'चं काय करावं, असा प्रश्न आहे.

नटव्या पुरुषासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. पंचाईत वेगळीच आहे. प्रत्येक शब्द त्या माणसाच्या निराळ्या ठिकाणी बोट ठेवतो, कुणी कपड्यावर, कुणी चालीवर, कुणी खिशावर, तर कुणी चालचलणुकीवर. तेव्हा तुमच्या लेखातला डँडी नेमका कोणता, हे आधी ठरवा.

'रंगेल' पहिल्यांदा बाहेर काढा. तो कपड्यांविषयी काहीच सांगत नाही. मळक्या धोतरातला माणूसही रंगेल असू शकतो. कोकणात कुणाच्या आजोबांना छापून रंगेल म्हणालात तर नातवंडं भांडायला येतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

आता मूळ डँडी पाहू. या पंथाचा आद्यपुरुष मानतात तो लंडनचा जॉर्ज ब्रमेल, लोकांच्या तोंडी 'बो' ब्रमेल (१७७८–१८४०). त्याचा पोशाख भडक असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गडद निळा कोट, फिकट वेस्टकोट, पांढरंशुभ्र लिनन आणि अंगाला चपखल बसणारी शिलाई, एवढंच. सगळी करामत गळ्याच्या पट्टीत. तिला बेताची खळ द्यायची, हनुवटी वर करून ती गळ्याभोवती गुंडाळायची आणि मग जबडा हळूहळू खाली आणत तिला नेमक्या चुण्या पाडायच्या. खळ जास्त झाली तर पट्टी वळत नाही, कमी झाली तर चुणी धरत नाही. एकदा चुकीची चुणी पडली की ती पट्टी गेली, दुसरी घ्यायची. असा माणूस छेलछबिला कसा? त्याला जवळचा मराठी शब्द 'टापटिपीचा', आणि त्यात 'ऐट' मिसळली की 'ऐटबाज'. शेवटी कर्ज डोईजड झालं तेव्हा १८१६ मध्ये तो फ्रान्सला पळाला, म्हणून त्याच्या चरित्रापुरता 'छानछोकी' हा शब्दही लागू पडतो. पण तो त्याच्या खर्चाला, पोशाखाला नव्हे.

खरा भडक ब्रमेलच्या आधीचा. १७६०–७० च्या दशकांत इटलीची सफर करून आलेल्या तरुण इंग्रजांना 'मॅकरोनी' म्हणत. उंचच उंच केसांचे टोप, आवळ कोट, छातीशी फुलांचा भला मोठा गुच्छ. त्यांच्यासाठी 'छेलछबिला' अगदी फिट. प्राकृतात 'छइल्ल' म्हणजे चतुर, विदग्ध माणूस. हिंदीत त्याचा 'छैला' झाला आणि चातुर्य मागे पडून दिसणं पुढे आलं. लिहिताना छेल की छैल, यावर अडून बसू नका. दोन्ही रूपं चालतात, फक्त एका लेखात एकच ठेवा. सामान्यरूप मात्र सांभाळा. छेलछबिल्याचा कोट, छेलछबिल्यांची टोळी. 'छेलछबिलाचा' असं हल्ली छापलेलं दिसतं, ते कानाला खडा लागल्यासारखं वाटतं.

'फाकडा' हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलवरून घाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली, त्या मोहिमेत कॅप्टन जेम्स स्टुअर्ट जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडला. मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं. ('इष्टुर' म्हणजे स्टुअर्टच. सुरुवातीच्या जोडाक्षराला 'इ'चा टेकू देण्याची आपली सवय जुनीच आहे, इस्टेशन, इस्कूल वगैरे.) शत्रूला दिलेली ही पदवी त्याच्या कोटाबद्दल नव्हती, बेडरपणाबद्दल होती. मानाजी शिंद्यांनाही फाकडे म्हणत, ते तलवारीपायीच. आज 'काय फाकडा दिसतोय!' म्हणताना देखणेपण, उमदेपण मनात असतं, पण जुनी धडाडी त्यातून पुरती गेलेली नाही. म्हणून आरशापुढे तासभर घालवणाऱ्याला फाकडा म्हणणं मला पटत नाही. फाकडा नटला नाही तरी फाकडाच राहतो. डँडी नटला नाही तर डँडी उरत नाही.

'छानछोकी' हे नाम आहे, माणसाचं विशेषण नव्हे. 'तो मोठा छानछोकी होता' हे कच्चं वाक्य. 'तो छानछोकीचा होता' किंवा 'छानछोकीत बापाची वाडी घालवली' हे पक्कं. दुसऱ्या वाक्यावरून कळेलच की या शब्दाला पैसे उडवल्याचा वास आहे, आणि बोलणारा बहुधा थोरला भाऊ किंवा चुलता असतो. म्हणून 'डँडीइझम'ला नुसतं 'छानछोकी' म्हटलं तर तुमचा लेख पहिल्याच ओळीत उपदेश करू लागेल.

'नखरेल' पुरुषाला फारसा लावत नाहीत. लावला तर 'नखरेबाज', आणि त्यातही चेष्टा असते. नमन-खेळ्यांत पुरुष लुगडं नेसून गोमू होतो, तिथे मात्र 'नखरेल' चपखल, कारण तो नखरा भूमिकेचाच भाग आहे. 'अक्कडबाज' मिशीपुरता ठेवा.

कोकणातलं स्वतःचं उदाहरण हवं असेल तर चाकरमान्याकडे वळा. सत्तरच्या दशकात बेलबॉटम आणि टेरिलीनचा शर्ट घालून गणपतीला गावी उतरलेला गिरणीतला तरुण हा आमच्या किनाऱ्याचा अस्सल डँडी. त्याला गावाने छेलछबिला म्हटलं नाही. मालवणीत शेरा यायचा तो 'कसो रुबाबात चललो हा बघ!' असा. नजर कपड्यावर, पण शब्द चालीचा. आणि मागून एखादी म्हातारी 'झगामगा नि मला बघा' म्हणून मोकळी व्हायची. ही म्हण भडक डँडीवरची सगळ्यात नेमकी मराठी टीका आहे. झगमगाट आणि 'मला बघा'चा हट्ट, दोन्ही त्यात आले.

क्रियापदं जुळवताना गफलती होतात, त्या टाळा. ऐट मिरवतात, किंवा माणूस ऐटीत चालतो. रुबाब करतात. झोकात निघतात. भपका करतात, पण तो माणसापेक्षा समारंभाचा जास्त. 'ऐट झाडणे', 'झोक करणे' असली मिश्रणं बोलीत कुणी करत नाही. 'नटणे' आणि 'नटवा' यांतही फरक आहे. फेटा, शेरवानी आणि कानात भिकबाळी घातलेला नवरदेव नटतो, त्यात काही गैर नाही. त्यालाच नटवा म्हणालात तर मांडवात वाद होईल. रोज विनाकारण नटतो तो नटवा.

आजचा जागतिक डँडी लेखात आणणार असाल तर आफ्रिकेतल्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांचे 'सापर' येतीलच. बेताच्या कमाईतले लोक, पण अंगावर उंची सूट आणि पॉलिश केलेले बूट, आणि एका पोशाखात तीनपेक्षा जास्त रंग नकोत असा दंडक. इथे भपका, छानछोकी दोन्ही चुकीचे. त्यांच्यासाठी मराठीत 'हौशी' आहे, फार तर 'गुलहौशी'. हा शब्द ज्या 'हवस'वरून आला तिचा हिंदीत वासनेकडे कल गेला, आपल्याकडे ती सोज्वळ राहिली, लग्नाची हौस, नाटकाची हौस. पोटाला चिमटा काढून सूट घेणाऱ्याबद्दल 'हौसेला मोल नाही' याहून सरळ काय लिहिणार?

'डँडीइझम'ला एकच प्रतिशब्द हवाच असेल तर मी 'ऐटबाजपणा' घेईन. त्यात खर्चाचा ठपका नाही, चारित्र्याची चौकशी नाही, आणि ब्रमेलपासून चाकरमान्यापर्यंत सगळे मावतात. इंग्लंडच्या त्या विशिष्ट काळाबद्दल लिहिताना मात्र 'डँडी' तसाच ठेवा. परका शब्द राहिला म्हणून मराठी बाटत नाही. ज्या काजात आपण बटण अडकवतो ते काज आणि ज्या इस्त्रीने घडी पाडतो ती इस्त्री, दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले आहेत.

लिहिताना चंद्र विसरू नका. 'डँडी', सामान्यरूप 'डँडीला', अनेकवचनही 'डँडी'च. मुद्रितशोधक 'दांडी' करून ठेवतात. मालवणात दांडी नावाचा किनारा आहे, तेव्हा 'लंडनमधील प्रसिद्ध दांडी' छापून आलं तर तिथला वाचक आधी नकाशा उघडेल.