रानात यायचंय ना? मग फेब्रुवारीत ये

प्रश्न : काका, मी बेळगावात टिळकवाडीला राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून काम करायची फार इच्छा आहे. तीन महिन्यांपूर्वी ई-मेलवर अर्ज पाठवला, अजून उत्तर नाही. कन्नड बोलता येतं, लिहिताना अडखळते. घरचे म्हणतात, मुलीनं जंगलात जाऊन काय करायचं? प्राण्यांसाठी मला खरंच काही करता येईल का? आणि वाघ दिसेल का, हेही खरं सांगा.

उत्तर : वाघाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मनात काही राहायला नको. खानापूर तालुक्यात मी तेहतीस वर्षं टपाल वाटलं. त्यातली पंधरा गवाळी, पास्टोली, देगाव, कृष्णापूर या रानातल्या गावांच्या वाटेवर गेली. एवढ्या वर्षांत वाघ मला एकदाच दिसला, तोही पाठमोरा, ओढा उतरताना. शेपूट कारवीत शिरेपर्यंत बघत राहिलो आणि मग तिथंच खाली बसलो, पायांत बळच उरलं नव्हतं. पंजे मात्र पुष्कळ पाहिले. वाघासाठी येणार असशील तर दुसऱ्या खेपेला येणार नाहीस, आणि रानाला दुसऱ्या खेपेला येणारं माणूस हवं असतं.

आता अर्ज. ई-मेलच्या उत्तराची वाट बघत बसू नको. निवृत्त झाल्यावर मीही असाच एक अर्ज टपालानं पाठवला होता. पोचसुद्धा आली नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. शेवटी एका सकाळी स्वतः जाऊन उभा राहिलो, तेव्हा दहा मिनिटांत बोलणं झालं. तूही खानापूरला ये, वनखात्याच्या रेंज ऑफिसात आरएफओंना, म्हणजे वनक्षेत्रपालांना, भेट. अर्ज एका पानाचा कर, कन्नडात, स्वतःच्या हातानं. चुका झाल्या तर होऊ देत. कोणत्या तारखांना किती दिवस येऊ शकतेस, दिवसाला किती चालू शकतेस, रक्तगट, घरचा फोन, आणि शेवटी ‘पडेल ते काम करीन’ ही ओळ. सोबत कॉलेजमधल्या सरांचं किंवा मॅडमचं पत्र. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नको.

परवानगीशिवाय मात्र आत पाऊल टाकायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. भीमगडला अभयारण्याचा दर्जा २०११ च्या डिसेंबरात मिळाला, सुमारे १९० चौरस किलोमीटरला. त्याआधी माणसं वाटेल तिथून ये-जा करायची, म्हणून गडावर बिनपरवाना ट्रेक काढणारी पोरं अजून भेटतात. कितीही जवळची मैत्रीण म्हणाली तरी त्यांच्यात जाऊ नको. गार्डचा विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला वर्षं जातात.

काम म्हणशील तर फेब्रुवारीत ये. वणव्याचे दिवस तेव्हा सुरू होतात आणि वळीव पडेपर्यंत कुणाला उसंत नसते. रस्त्याच्या, गावाच्या कडेनं जाळरेषा काढतात. म्हणजे एक पट्टा झाडून पालापाचोळा मोकळा करायचा, आणि वारा पडलेला असताना खात्याची माणसं तो आपणच जाळून घेतात, पुढं आग आली तर तिला तिथं खायला काही मिळू नये म्हणून. साग, ऐन, किंजळ या दिवसांत पानं टाकतात. आज झाडलेली रेषा चार दिवसांत पुन्हा भरते, पुन्हा झाडायची. या झाडण्याला माणसं कमी पडतात. खराटा धरता येतो ना? मग तू कामाची आहेस.

माझ्या ओळखीचा एक वॉचर आहे, रोजंदारीवरचा. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, कोयता आणि फडक्यात भाकरी, एवढ्यावर त्याचा दिवस. मार्चमधल्या एका दुपारी धूर दिसला म्हणून मी त्याच्या मागून डोंगर चढलो. आग पाण्यानं विझवतात असंच मी धरून चाललो होतो. वर पाणी कुठलं? त्यानं हिरव्या डहाळ्या तोडून एक माझ्या हातात दिली. मी जोरानं आपटायला लागलो तर ओरडला, ‘मास्तर, आपटू नका की! दाबून धरा.’ आपटलं की ठिणग्या उडतात आणि पाठीमागं दुसरी आग लागते, हे मला त्या दिवशी कळलं. ज्वाळेच्या बाजूनं सरकत, डहाळी दाबत, ओढत जायचं. संध्याकाळी माझ्या भुवया होरपळल्या होत्या आणि त्याच्या कॅनमध्ये दोन घोट राहिले होते. ते त्यानं मला दिले. तुला कुणी आगीच्या तोंडाशी उभं करणार नाही, करूही नये. पण वर असलेल्या माणसांना पाणी आणि जेवण पोचवणं, उंचावरून धुरावर नजर ठेवणं हे तू करू शकतेस. वायरलेसवर ‘बेंकी’ ऐकू आलं की आग, एवढं कन्नड तुला येतंच.

दुसरं काम फासक्या शोधण्याचं. मोटारसायकलच्या क्लचची तार घेतात, तिचा फास करून डुकराच्या वाटेवर, कुंपणाच्या खिंडीत रोपाला बांधतात. लावलेली असते डुकरासाठी. सापडतं भेकर, कधी बिबट्या. गार्डबरोबर फिरताना एक बघितली होती. रोपट्याची साल गुडघ्याएवढ्या उंचीवर गोलाकार सोलून निघाली होती, आतलं पांढरं लाकूड ओलं होतं, आणि तारेला तांबूस केस चिकटले होते. भोवतालची माती खुरांनी उकरलेली. जनावर नव्हतं. सुटलं की कुणी नेलं, ठाऊक नाही. घरी येऊन मला त्या रात्री जेवण गेलं नाही. फासकी दिसली तर तू हात लावायचा नाहीस. फोटो काढायचा, जागा मोबाइलवर नोंदवायची आणि गार्डला हाक मारायची. पंचनामा त्यानं करायचा असतो.

वाघांची देशभरातली गणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते, आणि तिच्यासाठी ठिकठिकाणी स्वयंसेवक घेतात. २०२२ च्या गणनेत कर्नाटकात ५६३ वाघांचा अंदाज निघाला. त्या आकड्याच्या मुळाशी पहाटे उठून वाटा तुडवणारी माणसं असतात. पंजा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवायचे. दोन किलोमीटरची सरळ रेषा न बोलता चालायची आणि दिसलेलं प्रत्येक भेकर, सांबर, गवा किती अंतरावर होता ते लिहायचं. त्यासाठी आतापासून सवय कर. सकाळी तुमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जा, तासभर तोंड मिटून चाल, आणि घरी येऊन काय काय दिसलं ते लिही.

एका प्राण्याबद्दल तुला आवर्जून सांगायचंय, कारण आपल्याकडे त्याचं कौतुक झालंच नाही. कृष्णापूर-तळेवाडीच्या बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये झालं आणि रॉटन या वन अधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं. कितीतरी वर्षं जगात हे वटवाघूळ फक्त इथंच आहे असं समजत होते. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. मखमली तपकिरी अंग, मानेवर फिकट पट्टा, आणि चेहऱ्याच्या मानानं भलेमोठे कान. खातं फक्त किडे. त्याच्यासाठी करायचं काम एवढंच, की गुहेत जायचं नाही आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही. टॉर्च आणि आवाज यांनी ते हैराण होतं.

गोचिडांना हलक्यात घेऊ नको. त्यांच्या चावण्यातून होणारा माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोचला. म्हणजे आपल्या घाटाच्या पलीकडेच. हिवाळा-उन्हाळ्यात रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि परत आलं की गरम पाण्यानं आंघोळ करून अंग तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच गार्डला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेले होते’ हे आधी सांग.

घरच्यांचं म्हणणं मला टाकाऊ वाटत नाही. माझीही मुलगी आहे. पहिल्या खेपेला आईला किंवा बाबांना बरोबर घेऊन ये, गार्डशी त्यांची गाठ घालून दे, त्याचा नंबर त्यांच्याकडे राहू दे. आता खात्यात मुलीही गार्ड म्हणून आहेत. त्यांच्याशी आईला बोलू दे. माझ्या शंभर ओळींनी होणार नाही ते त्या बोलण्यानं होईल.

प्रश्न : पोस्टमास्तर, तुम्ही आमच्या गावात टपाल घेऊन यायचात, म्हणून तुम्हालाच विचारतो. गेल्या दिवाळीआधी हत्तींनी माझं एकरभर भात तुडवलं. त्याआधी गवे उसात. शहरातली पोरं येतात, फोटो काढतात, ‘रान वाचवा’ म्हणतात. आमचं कोण वाचवणार? – एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : दादा, तुमचा राग खरा आहे. कापणीला आलेलं भात एका रात्रीत चिखल झालेलं मी पाहिलंय, आणि त्या बांधावर बसलेला माणूसही. त्याच्यापुढं ‘हत्ती किती सुंदर’ म्हणणाऱ्याला मी स्वयंसेवक मानत नाही.

पण पोरांवर सगळा राग काढू नका, त्यांना कामाला लावा. नुकसानीचा अर्ज वेळेत न गेल्यानं आणि कागद अपुरे पडल्यानं कितीतरी जणांची भरपाई बुडते. सकाळ झाल्याबरोबर शेतात कुणी पाय ठेवायच्या आधी पावलांचे आणि पिकाचे फोटो काढायचे. गार्डला बोलवायचं, नाहीतर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. पंचनामा, उतारा, आधार, पासबुकाची प्रत, सगळं एका फायलीत. मी पूर्वी लोकांच्या मनीऑर्डरी लिहून द्यायचो, आता हे अर्ज लिहून देतो. वरच्या पत्रातल्या मुलीसारख्या चार मुली गावोगाव हे करायला लागल्या तर तुम्हाला ऑफिसात खेटे घालावे लागणार नाहीत. माझ्या लेखी हे वाघाच्या गणनेइतकंच रानाचं काम आहे. भरपाई मिळालेला शेतकरी कुंपणाला करंट सोडत नाही. आणि दादा, करंटचं तेवढं मनातसुद्धा आणू नका. आपलीच गुरं, आपलीच माणसं त्यात जातात.

रानातल्या गावांचं दुखणं याहून मोठं आहे. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावर घालून ओढे पार करणारी माणसं माझ्या टपालाच्या वाटेवरची आहेत. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांच्या स्थलांतराला सुरुवात झाली. ज्यांना खुशीनं जायचंय त्यांना कबूल केलेलं सगळं वेळेवर मिळावं, आणि ज्यांना राहायचंय त्यांच्या दवाखान्याची, वाटेची सोय व्हावी, असं मला मनापासून वाटतं. म्हादई देगावच्या रानात उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला. एवढ्या पाण्याची राखण या गावांच्या अंगणात होते, हे खाली राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना कळायला हवं.

प्रश्न : माझं वय ६८, गुडघे दुखतात, बेळगावात शहापूरला राहते. माझ्यासारखीनं काय करावं?

उत्तर : ताई, खिडकीत बसा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या ॲपवर नोंदवायचे. कावळा, बुलबुल, दयाळ, तांबट, जे दिसेल ते. नेहमीचे म्हणून गाळू नका. ॲप जमत नसेल तर नातवाला शेजारी बसवा, आणि नावं मात्र तुम्ही सांगा.

आणि बसवतच असेल तर जानेवारीत एकदा गोकाक तालुक्यात धुपदाळला जाऊन या. तिथं घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. पाणपक्ष्यांची आशियाई गणनाही जानेवारीतच असते, १९८७ पासून चालू आहे. काठावर खुर्ची टाकून बसता येतं, गुडघ्यांना त्रास नाही. दुर्बीण नसेल तर कळवा, माझी देईन. काच एका बाजूनं जरा चरे पडलेली आहे, पण डाव्या डोळ्यानं बघितलं की स्वच्छ दिसतं.