26 टनांची, 3.4 मीटर रुंद प्रेस न्हावा शेवाहून मोम्बासाला कशी पाठवायची?

प्रश्नातली मापं धरून लिहितो: चाकणच्या कारखान्यातली हायड्रॉलिक प्रेस, लांबी 7.2 मीटर, रुंदी 3.4, उंची 3.1, वजन 26 टन, आणि जायचं केनियातल्या मोम्बासाला. साध्या कंटेनरचा विचार सोडा, त्याचं दारच साधारण 2.34 मीटर रुंद असतं. ओपन टॉप, म्हणजे छत नसलेला कंटेनर, उंच मालासाठी ठीक, पण रुंदी तिथेही तेवढीच. फ्लॅट रॅक म्हणजे छत आणि बाजू नसलेला, फक्त दोन टोकांना भिंती असलेला कंटेनर. 20 फुटी फ्लॅट रॅकच्या दोन टोकांच्या भिंतींमध्ये साडेपाच-पावणेसहा मीटर मिळतात, म्हणजे लांबी बसत नाही. उरतं 40 फुटी फ्लॅट रॅक. वजन त्याला जड नाही, 26 टन तो सहज घेतो. तुमची खरी अडचण रुंदी आहे.

म्हणून फॉरवर्डरला (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) फोन लावण्याआधी ड्रॉइंग घेऊन असेंब्लीच्या माणसाबरोबर बसा. कंटेनर जहाजावर जागा म्हणजे 2.44 मीटर रुंदीचे खण. तुमची प्रेस दोन्ही बाजूंना 48 सेंटीमीटर बाहेर येणार, त्यामुळे डावा आणि उजवा असे दोन्ही खण रिकामे सोडावे लागतात आणि त्यांचं भाडं तुमच्याकडूनच घेतलं जातं. मालवाहतुकीत याला लॉस्ट स्लॉट म्हणतात. बाहेर 10 सेंटीमीटर आलं काय किंवा 48 काय, शेजारचा खण गेलाच. उंचीचंही तसंच: रॅकच्या भिंती साधारण दोन मीटरच्या, प्रेस त्याच्या वर मीटरभर, म्हणजे तिच्यावर दुसरा कंटेनर ठेवता येत नाही. सगळ्यात वरच्या थरात जागा मिळाली तर वरचा खण बहुधा मोजत नाहीत. कोटेशनमध्ये किती खण धरलेत ते लेखी मागा. दोन कंपन्यांच्या दरातला फरक अनेकदा तिथेच असतो.

बाजूचा प्लॅटफॉर्म, पॉवर पॅक, पाइपिंग, कंट्रोल पॅनेल उतरवून रुंदी 2.4 मीटरच्या आत आणता आली, तर ते सुटे भाग साध्या 20 फुटी कंटेनरमध्ये टाकून पाठवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. फ्रेमच रुंद असेल तर इलाज नाही, भाडं भरा. पण 3.4 मधले 10-15 सेंटीमीटर कमी करण्यासाठी खटपट करू नका, त्यातून काही वाचत नाही.

आता माप. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ड्रॉइंगवरचं माप यंत्राचं असतं, जहाजवाल्याला हवं असतं पॅकिंगसकट बाहेरचं माप: उचलण्याचे लग (दोर अडकवायच्या कड्या), बाहेर आलेले बोल्ट, खालचे लाकडी ओंडके, सगळं धरून. जहाज कंपनीची मंजुरी त्या मापावर, त्या जहाजापुरती मिळते. बंदरात सर्व्हेअरने टेप लावल्यावर तीन सेंटीमीटर जास्त निघाले तरी माल त्या जहाजावरून मागे राहू शकतो आणि पुढच्या जहाजासाठी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. ड्रॉइंगमध्ये गुरुत्वमध्य, उचलण्याच्या जागा आणि बांधण्याच्या जागा दाखवलेल्या असाव्यात. जहाजाच्या तारखेआधी तीन-चार आठवडे हे सगळं कंपनीच्या स्पेशल कार्गो विभागाकडे गेलेलं बरं.

फ्लॅट रॅक चाकणला मागवू नका. लो-बेडचा, म्हणजे अवजड मालाच्या बुटक्या ट्रेलरचा, पाटा जमिनीपासून साधारण 0.9 मीटर, त्यावर रॅकचा तळ 0.6 मीटर, त्यावर 3.1 मीटरची प्रेस, म्हणजे 4.6 मीटर. विजेच्या तारा आणि साइन गॅन्ट्री (रस्त्यावरच्या फलकांच्या कमानी) यांची भीती उगाच वाढते. प्रेस तशीच लो-बेडवर आणली तर उंची चार मीटरच्या आसपास राहते; रॅकवर ती न्हावा शेवाजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या आवारात) चढवा. रस्त्यावर 2.6 मीटरपेक्षा रुंद माल म्हणजे ओडीसी (मर्यादेपेक्षा मोठ्या मापाचा माल), परवाना आधी काढावा लागतो. घाटात गर्दीच्या आणि सणाच्या दिवसांत अवजड वाहनं थांबवतात, त्यामुळे कट-ऑफच्या (बंदरात माल पोचवण्याच्या शेवटच्या मुदतीच्या) आदल्या दिवशी गाडी निघेल असं नियोजन करू नका.

रॅकवर ठेवताना वजन कुठे पडतंय ते बघा. फ्लॅट रॅकची ताकद त्याच्या लांब बाजूंच्या पोलादी तुळयांमध्ये असते, मधल्या लाकडी फळ्यांमध्ये नाही. प्रेसचे चार पाय फळ्यांवर टेकले तर फळी दबते. पायांखाली आडवे पोलादी बीम किंवा जाड लाकूड टाकून भार दोन्ही तुळयांवर न्या. आणि रॅकच्या कोणत्याही अर्ध्या भागात 60 टक्क्यांहून जास्त वजन येऊ देऊ नका. प्रेसचा वरचा सिलिंडर जड असतो, आडवी नेताना गुरुत्वमध्य हमखास एका टोकाकडे सरकतो.

बांधणीचा साधा नियम असा: प्रत्येक बाजूच्या लॅशिंगचा (माल बांधणाऱ्या साखळ्या-पट्ट्यांचा) एकूण सुरक्षित भार मालाच्या वजनाइतका असावा. म्हणजे डावीकडे 26 टन, उजवीकडे 26 टन. जमिनीशी 60 अंशांहून जास्त उभा कोन करणारं लॅशिंग या हिशेबात धरायचं नाही. 13 मिलिमीटरच्या ग्रेड 80 साखळीची मोडण्याची ताकद 20 टनांच्या वर, त्याची निम्मी म्हणजे 10 टन सुरक्षित. तीन साखळ्यांत काम झालं असं वाटतं. झालं नाही. रॅकवरची कडी पाच टनांची असेल तर तो दुवा पाच टनांचाच, म्हणजे प्रत्येक बाजूला किमान सहा साखळ्या. कडीची क्षमता रॅकवर लिहिलेली असते किंवा कंपनीकडून मिळते, अंदाज करू नका. पुढे-मागे सरकू नये म्हणून लाकडाचे चोक (अडसर) वेगळे लावा. पोलादावर पोलाद ठेवू नका, मध्ये लाकूड किंवा रबर हवंच, नाहीतर ओलाव्यात घर्षण जवळपास शून्य होतं. एकाच बाजूला साखळी आणि पट्टा मिसळू नका. पट्टा ताणतो, सगळा भार साखळीवर येतो. बांधणी झाल्यावर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, विम्याच्या वेळी तेच कामाला येतात.

सगळ्या लाकडावर उष्णताप्रक्रियेचा एचटी शिक्का हवा (गाभ्यात 56 अंश सेल्सिअस, 30 मिनिटं). पॅकिंगचं लाकूड शिक्क्याचं आणि ओंडके कुठूनतरी उचललेले, असं फार होतं, आणि आयात करणाऱ्या देशात अडकतात ते ओंडकेच. गाइडवे आणि रॅमसाठी (प्रेसचा सरकणारा भाग आणि त्याच्या पट्ट्या) गंजरोधक व्हीसीआय फिल्म, वर ॲल्युमिनियम फॉइल, आत सिलिका जेल. फक्त ताडपत्री नको: प्रेस डेकवर गेली तर जून ते सप्टेंबरमध्ये अरबी समुद्राचं खारं पाणी तिच्यावर उडणारच.

2016च्या जुलैपासून व्हीजीएम, म्हणजे पडताळलेलं एकूण वजन, दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. यात रॅकचं स्वतःचं पाच-साडेपाच टन वजन, लाकूड आणि साखळ्याही धरायच्या. 26 टन लिहून मोकळे होऊ नका.

ब्रेकबल्क (कंटेनरशिवाय सुटा माल) किंवा रो-रोचा (चाकांवरून थेट जहाजात चढवण्याचा) दर तुलनेला नक्की मागवा. तिथे भाडं टन किंवा घनमीटर यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. तुमची प्रेस 75.9 घनमीटर, म्हणजे भाडं 26 वर नाही, 75.9 वर. प्रत्येक बाजूला आणि वर 10 सेंटीमीटरचं पॅकिंग वाढलं की आकडा 85 च्या पुढे जातो.

विक्रीची अट सीआयएफ (किमतीत विमा आणि भाडं दोन्ही तुमच्याकडे) ठेवू नका. केनियात 2017पासून आयातदाराने सागरी विमा तिथल्याच कंपनीकडून घ्यावा असा नियम लागू आहे, त्यामुळे सीएफआर (भाडं तुमच्याकडे, विमा नाही) बरी. डेकवरच्या मालाला जोखीम पूर्ण धरली आहे का, हे खरेदीदाराला पॉलिसीत वाचून घ्यायला सांगा. केईबीएसचं (केनियाच्या मानक संस्थेचं) अनुरूपता प्रमाणपत्र माल निघण्याआधी, तपासणीसाठी प्रेस उघडी असतानाच मिळवा. आणि फ्लॅट रॅक परत करायची मुदत साध्या कंटेनरपेक्षा कमी असते, दिवसाचा दंड जास्त. मोम्बासाला 26 टन उचलणारी क्रेन आणि लो-बेड कोण कोणत्या तारखेला आणणार, हे जहाज सुटण्याआधी खरेदीदाराकडून लेखी घ्या.